‘ताप’ मोजताना

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत मी या कामात शिरले. लोकांनी ऑनलाइन लिहिलेल्या तब्येतीच्या तक्रारी वाचायच्या, लक्षणं टिपायची, आठवड्यागणिक आकडे मांडायचे. चाचण्यांचे अहवाल उशिरा येत. लोक मात्र पहिल्या कणकणीलाच लिहून मोकळे होत.

आधी मी नुसता ‘ताप’ हा शब्द शोधला. आलेख सरसर वर चढला. मग शंभरेक नोंदी डोळ्यांनी वाचल्या. ‘ताप नाही, पण घसा धरलाय.’ ‘ताप आला तर कुठे जाऊ?’ ‘आईला गेल्या महिन्यात ताप होता.’ आणि ‘डोक्याला ताप झालाय नुसता!’ या सगळ्यांना मी आजारी धरलं होतं. (शब्द इथेही बदललेत. जसंच्या तसं वाक्य शोधलं की लिहिणारा माणूस सापडतो, म्हणून नावं पुसली तरी मूळ वाक्य बाहेर द्यायचं नाही, यावर मी आजही ठाम आहे.)

मग प्रत्येक नोंदीला प्रश्न लावले: त्रास कुणाला, कधीपासून, खरंच होतोय की भीती वाटतेय? दोघींनी एकमेकींचं न बघता उत्तरं लिहायची, जुळली नाहीत तर तिसरीने ठरवायचं. तारीख लिहिल्याची नाही, त्रास सुरू झाल्याची. ‘परवापासून’ म्हटलं असेल तर दोन दिवस मागे जायचं. यातच सगळा वेळ जाई.

भीती वेगळी काढणं का गरजेचं, हे गूगल फ्लू ट्रेंड्सने आधीच दाखवलं होतं. लोक काय शोधतात यावरून फ्लूचा अंदाज बांधणारी ही सेवा 2008 मध्ये सुरू झाली. 2012-13 च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा फार फुगले आणि 2015 मध्ये ती बंद झाली.

एका बाईंनी लिहिलं होतं, हात धुतले, फेस झाला, साबण नाकाशी धरला तरी वास नाही. माझ्याकडे त्यासाठी रकानाच नव्हता, ‘इतर’मध्ये टाकलं. बघता बघता ‘इतर’ अशाच नोंदींनी भरलं. ब्रिटनने वास-चव जाणं अधिकृत लक्षणांत घेतलं ते 18 मे 2020 ला. कोविडनंतर बराच काळ रेंगाळणाऱ्या त्रासाला ‘लाँग कोविड’ हे नावही रुग्णांनीच दिलेलं, त्याच मे महिन्यात.

एक गोष्ट मात्र सतत टोचायची. वयस्कर माणसं आमच्या नोंदींत जवळपास नव्हतीच, आणि जिवाला धोका तर त्यांनाच सर्वांत जास्त. म्हणून आमचा आलेख मी कधी एकटा पाठवला नाही. शेजारी दवाखान्यात दाखल झालेल्यांची, वयानुसार फोडलेली रेघ असायची, आणि दोन्ही रेघा जिथे फाटायच्या तिथे मी लाल खूण करायचे.