उंदराच्या स्वरयंत्रातली न सापडणारी चाती

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराच्या स्वरयंत्राचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना गेले काही महिने मी एकच रचना शोधत आहे, ती म्हणजे मसल स्पिंडल. स्नायू किती ताणला गेला आहे याची खबर मज्जासंस्थेला देणारा हा संवेदी ग्राहक सूत कातण्याच्या चातीसारखा मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो. आडव्या छेदात पातळ पदरी आवरणाचे कडे दिसते, आत मोकळी जागा असते आणि त्या जागेत आजूबाजूच्या तंतूंपेक्षा बरेच बारीक असे मोजके तंतू असतात. जबडा मिटणाऱ्या मॅसेटर स्नायूत ही रचना पुष्कळ आढळते. स्वरयंत्राबाबत मात्र जुना मतभेद आहे: माणसात ती असल्याच्या नोंदी आहेत, तर लहान सस्तन प्राण्यांत ‘क्वचित’पासून ‘मुळीच नाही’पर्यंत निष्कर्ष निघालेले आहेत.

‘नाही’ असे म्हणणे फार जोखमीचे आहे. छेद 10 मायक्रोमीटर जाडीचे घेतले, तर एका मिलिमीटरचे 100 छेद होतात, आणि मधले गाळले की नेमका फुगीर भाग निसटू शकतो. उलट, आवरणातली बारीक चेताजुडी, म्हणजे चेतातंतूंची जुडी, हीही घाईत पाहिली तर स्पिंडलच वाटते. माझी स्वतःची अशी फसगत दोनदा झाली.

तरीही स्पिंडल नाही म्हणून स्वरयंत्र बधिर ठरत नाही. त्याचे अंतस्त्वचेतले ग्राहक इतके तत्पर असतात, की तिथे पाण्याचा थेंब पडताच श्वास थांबतो, स्वरद्वार मिटते आणि गिळण्याची क्रिया सुरू होते. स्वरपट्ट्यांच्या वरच्या भागातली ही खबर सुपीरिअर लॅरिंजिअल चेतेच्या आतल्या शाखेतून मेंदूच्या देठाकडे जाते.

हातापायाच्या स्नायूला बदलत्या ओझ्याचा अंदाज घ्यावा लागतो. स्वरपट्टीला बाहेरचे ओझे उचलायचे नसते, म्हणून तिथे स्पिंडलची गरज कमी असावी, हे मला पटते. वटवाघळाचे उदाहरण त्याला जोड देते. भक्ष्याजवळ पोहोचताना काही वटवाघळे सेकंदाला दीडशेहून अधिक हाका देतात, म्हणजे एका हाकेला सात मिलिसेकंदही मिळत नाहीत. एवढ्या अवधीत ताणाची खबर मेंदूपर्यंत जाऊन दुरुस्तीचा हुकूम त्याच हाकेसाठी परत येणे मला अशक्यप्राय वाटते. उंदराच्या 50 किलोहर्ट्झच्या आसपासच्या, आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजांना मात्र हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण तिथे वारंवारता हवेच्या शिट्टीची असते, स्नायूच्या आकुंचनाची नव्हे.

आता पुढच्या उंदराच्या स्वरयंत्राचा एकही छेद न गाळता सगळे काचपट्ट्यांवर क्रमाने घेतले आहेत. स्वरपट्टीतल्याच थायरोॲरिटेनॉइड स्नायूपासून सुरुवात केली आहे.