एमडीसी खाणारे जीवाणू आणि बंद केलेला व्हॉल्व्ह

औषध कारखान्याच्या रिॲक्टरांतून निघणारी हवा, ती साफ करणाऱ्या आमच्या मनोऱ्यात खालून शिरते. तिच्यात एमडीसी, म्हणजे डायक्लोरोमिथेन हे द्रावक असतं. ते ४० अंशांनाच उकळतं, त्यामुळे कंडेन्सरमधूनही थोडं निसटतंच. आत प्लॅस्टिकच्या पॅकिंगवर हायफोमायक्रोबियमसारख्या जीवाणूंचा बुळबुळीत थर आणि वरून सतत झिरपणारं पाणी. जीवाणू एमडीसी खातात. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन पाण्यात उतरतं.

त्या सकाळी आउटलेटचं, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेतल्या एमडीसीचं रीडिंग चढलेलं. शिफ्ट इन्चार्जचा निकाल तयारच होता, "साहेब, जीवाणू मेले. नवीन कल्चर मागवा." इनलेट रोजचंच, पाण्याचा पीएच सात. पॅनेलसमोर बसणाऱ्याला पीएच सात दिसला की तो निश्चिंत होतो, आणि माझी चिडचिड होते ती इथेच. एक किलो एमडीसी पचलं की सुमारे ८६० ग्रॅम आम्ल होतं, ते मारून पीएच सातवर ठेवायला ९४० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. आम्ल झालंच नाही तरी पीएच सातच दिसतो. म्हणून मी आधी कॉस्टिकची टाकी बघतो. रात्रभरात पातळी जेमतेम हलली होती. आम्लच होत नव्हतं, म्हणजे खाणं थांबलेलं.

पाण्यातल्या मिठाचा अंदाज देणारी कंडक्टिव्हिटी घेतली तर मीटरचा आकडा रोजच्या दुपटीच्या वर. ब्लोडाउनचा, म्हणजे खारं पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह कोणीतरी घट्ट बंद केला होता. त्या एक किलो एमडीसीमागे आम्ल आणि कॉस्टिक मिळून जवळजवळ १.४ किलो मीठही तयार होतं. ते बाहेर गेलं नाही तर जीवाणू मंदावणारच. एकदम गोडं पाणी सोडलं तर त्यांना दुसरा धक्का बसतो, म्हणून दिवसभर थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉस्टिकचा डोसिंग पंप पुन्हा नियमित ठोके देऊ लागला, आणि रीडिंग उतरू लागलं. कल्चर जिवंत होतं.

व्हॉल्व्ह ईटीपीवाल्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया बघणाऱ्या काकांनी बंद केला होता. मी तावातावानं गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या पाण्यानं माझा टीडीएस, विरघळलेल्या क्षारांचा आकडा, चढतो. खारं पाणी आटवणारा एमईई आधीच फुल्ल चालतोय. हवा तुमची साफ झाली, मीठ मी कुठे टाकू?"

न विचारता व्हॉल्व्ह बंद करणं चूकच, पण प्रश्न खरा आहे. मनोरा विकणारे हवा किती टक्के साफ होते तेवढंच छापतात, मिठाचा हिशोब कोणी देत नाही. पुढच्या प्रस्तावात तो आकडा मी पहिल्या पानावर मागणार आहे, आणि त्या बैठकीला काकांनाही बसवणार आहे.