तिसऱ्याचं तिकीट

राणीच्या बागेच्या तिकीट खिडकीवर एक बाई हुज्जत घालत होती. पाटीवर लिहिलेलं, आई-वडील आणि दोन मुलं मिळून 100 रुपये. तिच्याबरोबर मुलं तीन. तिसरं कडेवर, तोंडात अंगठा, पायातला एक बूट गायब. “हा कुठं चालणारे? कडेवरच तर असणारे,” बाईचं म्हणणं. आतल्या माणसाला त्याचं वय हवं होतं. बाईनं सांगितलं, त्याबरोबर मधल्या मुलीनं दुरुस्ती केली, “नाही ग मम्मी, त्याचा बड्डे झाला ना!” रांगेतले सगळे हसले. मीही हसले. मग तिकीट काढून आत शिरले आणि बराच वेळ आपण कुठल्या दिशेनं चाललोय ते मला कळलंच नाही.

खरं तर बागेत यायचं ठरलंच नव्हतं. भायखळ्याला एक काम होतं, ते पंधरा मिनिटांत आटोपलं. (घाई नसली की कामं अशी झटपट होतात.) भाची चार वाजता भेटणार होती. मधले दोन तास कुठंतरी ढकलायचे होते.

आमचा धाकटा बसमध्ये कायम तीन वर्षांचा असे. आई चढतानाच त्याला दटावायची, तोंड उघडायचं नाही. कंडक्टर तिकिटाचा पंच टकटक वाजवत जवळ आला की हा मान उंच करून सांगायचा, “मला चार पूर्ण झाली.” कंडक्टर अण्णांकडे बघायचा, अण्णा खिडकीबाहेर बघायचे, आणि मग मुकाट्यानं अर्धं तिकीट निघायचं. घरी येऊन आई त्याला रागवायची नाही. अण्णांना रागवायची, तुमच्यावर गेलाय म्हणून. हरिश्चंद्र!

उतरल्यावर आई मोजायची. एक, दोन, तीन. नुसतं बघून नाही, प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून. दादा दहा वर्षांचा, त्याला ते अपमानाचं वाटे. मी सात वर्षांची, मला सवय झालेली. धाकट्याला इतकं आवडायचं की तो आपली टपली घेऊन रांगेत पुन्हा माझ्या पुढं येऊन उभा राहायचा, मग आईचं ‘चार’ व्हायचं आणि सगळं पहिल्यापासून. माझ्यात ती मोजायची खोड उतरलीय. गाडीतून उतरताना पिशव्या, लग्नघरात ताटं, दोरीवरचे चिमटेसुद्धा. आकडा बरोबर आला तरी पुन्हा एकदा मोजते.

बागेत एक गोरखचिंचेचं झाड आहे. म्हणजे आहेत बरीच, पण आमचं एक होतं. त्याच्या बुंध्याला आम्ही तिघं हात धरून मिठी मारायचो आणि ती कधीच पुरी व्हायची नाही. दादा आणि धाकटा यांच्या हातांमध्ये केवढी तरी जागा उरायची. “पुढच्या वर्षी हात वाढतील,” अण्णा म्हणायचे. आज ते झाड काही ओळखता आलं नाही. सगळीच तेवढी जाड दिसत होती.

पेंग्विनकडं मी गेले नाही. तिथली रांग बघूनच पाय दुखायला लागले. शिवाय पेंग्विन म्हटलं की मला ते पिल्लू आठवतं. 2018 सालच्या 15 ऑगस्टला इथं जन्मलेलं, देशातलं पहिलं. स्वातंत्र्यदिनाला जन्मल्याचं काय ते कौतुक, आणि आठवडाभरात गेलं. ऑफिसात डबे उघडल्यावर त्याच्यावर बोलणं चाललं होतं. एकीनं विचारलं, “नाव तरी ठेवलं होतं का ग?” बाकीच्या हसल्या, पक्ष्याच्या बारशाचं काय घेऊन बसलीस म्हणून. मला तो प्रश्न अगदी बरोबर वाटला होता. पण पोळी भाजीत बुडवली आणि गप्प बसले.

तर 1973 मधला तो रविवार. बाग तुडुंब. हत्तीवरची फेरी झाली, पाणघोडा बघून झाला. अण्णांचा नियम पक्का होता: चुकामूक झाली तर दगडी हत्तीपाशी यायचं आणि हलायचं नाही. दगडी हत्ती म्हणजे म्युझियमबाहेरचा. हा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुटला, म्हणून राहिला. तुकडे जोडून आता तो भायखळ्यात उभा, आणि नाव तिकडं समुद्रात. अण्णा हे दर खेपेला सांगायचे आणि दर खेपेला आम्ही भेळ कधी असं विचारायचो.

माकडांच्या पिंजऱ्यापाशी आईनं मोजलं. एक, दोन. पुन्हा मोजलं. मी स्वतःहून तिच्या पुढ्यात डोकं केलं, न जाणो मीच राहिले असेन.

आम्ही हत्तीपाशी धावलो. तिथं दुसऱ्यांची मुलं होती, हत्तीच्या सोंडेला लोंबकळणारी. अण्णा शोधायला गेले, दादा दुसऱ्या बाजूला गेला, आई आणि मी हत्तीपाशी. आई रडत नव्हती. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निळ्या शर्टाकडं बघत होती, मोठ्या माणसांच्यासुद्धा. माझ्या मनगटावर तिची बोटं नंतर दोन दिवस उमटलेली होती. किती वेळ गेला? आई सांगायची तास, अण्णा सांगायचे वीस मिनिटं.

सापडला तो काळ्या घोड्यापाशी. फोर्टातला सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 साली बागेत आणून ठेवलाय, त्या घोड्याखाली हा हाताची घडी घालून उभा. हलायचं नाही हे पक्कं लक्षात राहिलं होतं. खोटं जनावर एवढंही लक्षात होतं. कुठलं, तेवढं निसटलं. आई धावत गेली, तर हा तिच्यावरच डाफरला, “मी कधीचा आलोय!”

आईनं ही गोष्ट आयुष्यभर सांगितली. हळदीकुंकवाला, बारशाला, आलेल्या पाहुण्यांना, पुढं माझ्या मुलांना. त्याची ती घडी घालून, भुवया चढवून, “मी कधीचा आलोय” त्याच्याच आवाजात. तिथं गोष्ट संपायची आणि ती चहाचं आधण ठेवायला उठायची.

पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. चार दिवस. ते कोणी कधी सांगितलं नाही, मलाही ते नीट सांगता येत नाही.

मुलं किती, असं कुणी विचारलं की आई म्हणायची तीन, अण्णा म्हणायचे दोन. यावरून त्यांचं कधी भांडण झालं नाही. बाकी मीठ जास्त पडण्यावरूनसुद्धा व्हायचं. दोघं एकत्र असली म्हणजे मात्र पंचाईत. विचारणारा माझ्याकडं बघायचा, दादाकडं बघायचा आणि दाराकडं बघत राहायचा, तिसरं आता येईल म्हणून. रेशनकार्डावर त्याचं नाव बरीच वर्षं होतं. कमी करायला अण्णा दोनदा गेले आणि दोन्ही वेळा, रांग फार होती, असं सांगत परत आले. मी मधली ती मधलीच राहिले. खालचा गेला म्हणून काही मला कुणी धाकटी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मी ओ दिली नसती.

कॉलेजात असताना फोर्टात जाणं व्हायचं. बसमध्ये कंडक्टर ओरडायचा, “काळा घोडा, चलो काळा घोडा!” आणि निम्मी बस उतरायची. तिथं घोडा नाही हे सगळ्यांना माहीत. कुणाचं काही अडत नव्हतं. 2017 मध्ये तिथं नवा काळा घोडा बसवलाय, पाठीवर स्वार नसलेला. दिसायला चांगला आहे. मला तो नसतानाच बरं होतं, पण मला कोण विचारतंय.

दुपारी तीनची उन्हं होती, घोड्यापाशी कुणी नव्हतं. एक जोडपं झाडाआड बसलेलं, त्यांनी मला बघून तोंडं फिरवली. जोत्याशी उभी राहिले. एवढंसं पोर इथं इतका वेळ कसं उभं राहिलं असेल? पाय दुखले नसतील? तहान? आणि आमच्यापैकी कुणीच येणार नाही असं एकदाही मनात आलं नसेल? तो चिडला होता, घाबरला नव्हता. आईनं नक्कल केली ती रागाची. रडण्याची कधीच नाही.

त्या रात्री झोपताना मी अण्णांना विचारलं होतं, बाग बंद झाल्यावर कुणी आत राहिलं तर काय होतं? अण्णा अर्धवट झोपेत म्हणाले, “काही होत नाही. रखवालदार असतात. जनावरांना खायला घालावं लागतं ना.”

भाचीचा फोन आला, “आत्या, आहेस कुठं तू?” बागेत आहे म्हटलं तर ती हसायलाच लागली, या वयात? फाटकाकडं जाताना ती बाई दिसली, खिडकीवरची. दोन मुलं पुढं पळत होती. तिसरं कडेवर झोपलेलं, आता दुसराही बूट नव्हता. तिचं शेवटी किती तिकीट पडलं, विचारायचं राहून गेलं.

फाटकावर पाटी आहे, बाग दर बुधवारी बंद. आज मंगळवार होता. मी परत फिरले आणि घोड्यापर्यंत पुन्हा एकदा जाऊन आले. भाची म्हणाली, उशीर केलास.