डिलनमध्ये ‘ओपन’ लिहिण्याआधी

डायनॅमिक भाषा, म्हणजे जिथे बऱ्याच गोष्टी प्रोग्राम चालतानाच ठरतात ती, संथच असणार, असं कुणी म्हणालं की मला डिलन या प्रोग्रामिंग भाषेचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. ही भाषा अ‍ॅपलमध्ये जन्मली. १९९५ मध्ये अ‍ॅपलने त्यावरचं काम थांबवलं, तरी कार्नेगी मेलन विद्यापीठात आणि हार्लेक्विन कंपनीत तिच्या कंपायलरवर, म्हणजे कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामवर, काम चालूच राहिलं. कार्नेगी मेलनचा डिलनमधून सी कोड काढायचा. हार्लेक्विनचा पुढे खुला झाला आणि आज ओपन डिलन म्हणून मिळतो. मी तोच वापरते.

डिलनमध्ये मेथड क्लासच्या आत नसते, जनरिक फंक्शनला, म्हणजे एकाच नावाखाली अनेक मेथड्स ठेवणाऱ्या फंक्शनला, जोडलेली असते. कोणती मेथड चालणार हे सगळ्या आर्ग्युमेंट्सचे टाइप बघून ठरतं. बेरजेचं चिन्हसुद्धा असंच एक जनरिक फंक्शन आहे! मी माझा व्हेक्टर क्लास लिहिला की त्यासाठी बेरजेची मेथड मलाच जोडता येते. मग दोन साध्या पूर्णांकांची बेरीज करतानाही दर वेळी मेथड शोधत बसायची का? नाही. बेरीज हे फंक्शन ओपन असलं, तरी भाषेतल्या संख्यांपुरतं ते सील केलेलं आहे. तिथे नवी मेथड कुणालाच घालता येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना पूर्णांक आहेत हे कळलं, की कंपायलर शोधाशोध गाळून थेट मशीनची बेरीज लिहून मोकळा होतो.

मला या भाषेतलं सर्वांत आवडतं ते हे सीलिंग. तुमच्या लायब्ररीतला क्लास मुळातच सील्ड असतो. आतमध्ये त्यावरून हवे तितके सबक्लास, म्हणजे उपक्लास, करा. बाहेरच्या लायब्ररीला मात्र तुम्ही ‘ओपन’ लिहिल्याशिवाय करता येत नाहीत. म्हणजे लायब्ररी कंपाइल होताना त्या क्लासचं सगळं कुटुंब कंपायलरसमोर असतं आणि उद्या कुणी नवा येणार नाही याची त्याला खात्री असते, म्हणून मेथड आधीच ठरवणं सोपं जातं. जावामध्ये ‘फायनल’ लिहून एकेक क्लास बंद करता येतो, पण तिथे मुळात सगळं उघडं असतं. मला डिलनची दिशा जास्त पटते.

ओपन डिलनच्या विंडोजवरच्या एडिटरमध्ये हे डोळ्यांना दिसतंसुद्धा. ज्या कॉलची मेथड रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालतानाच, शोधावी लागणार, तो गडद गुलाबी रंगात उठून दिसतो. असा कॉल आतल्या लूपमध्ये दिसला की मी आधी त्याच्या आर्ग्युमेंट्सचे टाइप लिहिलेत का ते बघते, मग क्लास विनाकारण ओपन ठेवलाय का ते. बहुतेक वेळा टाइप लिहिल्यावरच काम होतं.

नव्या लायब्ररीत मी सुरुवातीला काहीच ओपन ठेवत नाही. वापरणाऱ्याने मागितलं की तेवढाच क्लास उघडते. उशिरा उघडल्याने कुणाचा कोड मोडत नाही, पण आधी उघडलेला क्लास मागाहून सील केला तर त्याचे सबक्लास केलेल्यांचे बिल्ड अडतात.