रॅम वाढवायची? आधी कव्हर बंद ठेवूनच बघा

लॅपटॉप रेंगाळायला लागला की पहिला सल्ला रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, वाढवण्याचा मिळतो. बऱ्याचदा दुखणे दुसरेच असते. रोजचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये मेमरी व डिस्क दोन्ही बघा. मेमरी साठ टक्क्यांच्या आत आणि डिस्क सतत शंभरवर असेल, तर जुनी फिरती हार्ड डिस्क दमली आहे. तिथे रॅमवर पैसे घालू नका, आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या खाली उतरतच नसेल, तर मात्र रॅम कमी पडतेय.

आपल्या बेळगावच्या सीमाभागात एकाच लॅपटॉपवर कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपी असते, आणि लॅपटॉप अडला की बोल त्यांनाच लागतो. खरे तर टायपिंगची ही सॉफ्टवेअर फारशी मेमरी खात नाहीत. खातो तो ब्राउझर, वीस-पंचवीस टॅब उघडे असलेला. टॅली, ईमेल आणि थोडा ब्राउझर एवढ्यासाठी ८ जीबी पुरते. व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणाऱ्या आणि अँड्रॉइड स्टुडिओ किंवा थ्रीडी डिझाइन चालवणाऱ्या मुलांनी थेट १६ करावी.

आता मुख्य काम, म्हणजे कोणती रॅम घ्यायची. चूक होते ती इथेच, बसवताना क्वचितच. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर खाली वेग, वापरलेले स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) आणि फॉर्म फॅक्टर, म्हणजे रॅमचा प्रकार, दिसतो. फॉर्म फॅक्टर 'एसओडिम' असेल तर रॅम काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' दिसले तर ती बोर्डावरच डाख दिलेली आहे. स्लॉटच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. काही लॅपटॉपमध्ये ४ जीबी डाख दिलेली आणि जोडीला एकच स्लॉट असतो, तरी विंडोज 'दोनपैकी दोन वापरात' असे दाखवते. तिथे एकच स्टिक, म्हणजे रॅमची सुटी पट्टी, बदलता येते. मॉडेलचे मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून खात्री करून घ्या.

रॅमची पिढी (डीडीआर३, ४ की ५) चुकली तर स्टिक बसतच नाही. लॅपटॉपच्या डीडीआर३ ला २०४ पिना, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२. खाचही प्रत्येकीची वेगळ्या जागी. फसवते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल ही जोडी, कारण आकार आणि खाच अगदी सारखी. साधी १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपना एलवालीच लागते. साधी घातली तर स्क्रीन काळीच राहते. स्टिकरवर 'पीसी३एल' असे छापलेले असते, त्यातला एल दुकानातच वाचून घ्या. सहाव्या-सातव्या पिढीत काही मॉडेल डीडीआर३एलची तर काही डीडीआर४ची आहेत, म्हणून तिथे अंदाजाने खरेदी नको. सर्वात चांगले म्हणजे जुनी स्टिक काढून ती दुकानात घेऊन जाणे.

वेगाची फार काळजी नको. २४०० च्या लॅपटॉपात ३२०० ची डीडीआर४ स्टिक साधारणपणे २४०० वरच चालते, आणि दोन वेगवेगळ्या असल्या तर दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतात. कमाल मर्यादा मात्र पाहावी लागते: एन४०२० सारख्या सेलेरॉन प्रोसेसरला इंटेलने ८ जीबीचीच मर्यादा दिलेली आहे.

जुनी ४ जीबी फेकून ८+८ घेण्याची घाई करू नका. ४ सोबत ८ घातली की १२ होतात. त्यातले ८ जीबी दोन्ही चॅनेलवर, म्हणजे दोन वाटांनी एकदम आणि जलद, उरलेले ४ एका चॅनेलवर चालतात. घरच्या कामाला हे पुष्कळ झाले. गेम किंवा डिझाइन असेल, तरच सारख्या दोन स्टिक घ्याव्यात, कारण वेगळे ग्राफिक कार्ड नसले की ग्राफिक्सही याच रॅमवर जगतात.

उघडण्याआधी शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. नुसते शट डाउन केले तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पुरती बंद होत नाही. चार्जर काढा, सुटी होणारी बॅटरी असेल तर तीही. पीएच० किंवा पीएच१ चा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागेल. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हखाली लपलेला असतो. सगळे काढले असे वाटूनही कव्हर हलत नसेल, तर जोर न लावता तोच शोधा. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वरच्या बाजूला फुगवटा येतो, कधी कधी बोर्डही दुखावतो. कडेच्या क्लिपा जुन्या एटीएम कार्डाने उचकटाव्यात, स्क्रूड्रायव्हरने नव्हे.

आत बॅटरी दिसली की आधी तिचा कनेक्टर काढा, तारा धरून ओढू नका. मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून किंवा चादरीवर बसून हे काम नको, स्थिर विजेचा झटका चिपला मारू शकतो. लाकडी टेबल घ्या, आतल्या उघड्या धातूला एकदा हात लावा आणि स्टिक कडेनेच धरा.

दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की जुनी स्टिक आपोआप तिरकी उभी राहते. नवी साधारण तीस अंशांत तिरकी धरून खाच जुळवा आणि सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सारा. मगच खाली दाबा. दोन्ही क्लिपा टक् करून बसल्या पाहिजेत. स्टिक पूर्ण आत न जाताच खाली दाबली जाणे, हीच बसवताना सर्वात जास्त होणारी चूक.

बॅटरी जोडून चालू केल्यावर स्क्रीन लगेच आली नाही तर घाबरून बंद करू नका. डीडीआर५ ला पहिल्यांदा जुळवून घ्यायला काही मिनिटे लागू शकतात. डीडीआर४ वर दोन मिनिटांनंतरही काळेच असेल, तर एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये घालून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते कळते. खानापूरकडच्या पावसाळी ओलीत जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळपट होतात. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामाच निघून जातो. उद्यमबागच्या कारखान्यात वापरलेल्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये धातूची बारीक धूळ असते, आणि ती वीज वाहते. स्टिक घालण्याआधी कोरड्या ब्रशने स्लॉट झाडून घ्या.

चालू झाल्यावर ८ ऐवजी ७.८ दिसले तर ते ग्राफिक्ससाठी राखलेले आहे. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये २ जीबीपर्यंतही राखलेली दिसते. ८ घालूनही वापरण्याजोगी जेमतेम सव्वातीन-साडेतीन दिसली, तर विंडोज ३२ बिटची आहे. ती नव्याने ६४ बिटची टाकल्याशिवाय इलाज नाही.

शेवटी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, जमल्यास रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती स्टिक ठेवू नका. आज चालतेय असे वाटले तरी आठवड्याने टॅलीची फाइल बिघडवेल. बदलून घ्यायची वेळ आली तर बिल लागते आणि चिपवरचा स्टिकर शाबूत लागतो, म्हणून तो सोलू नका.