क्रूझच्या किचनची इंग्रजी राउंड: माझा अनुभव

पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) कोर्स हे सगळं वेळेत झालं, त्यावर लिहीत बसत नाही. लिहायचंय ते गोव्यातल्या एका भरती एजन्सीच्या इंग्रजी राउंडबद्दल, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं क्रूझ जहाजावरच्या किचनच्या जॉबसाठी तिकडं जातात. चोर्ला घाटातून जायचं, दिवसभर बाकड्यावर बसायचं आणि संध्याकाळी एकच वाक्य ऐकायचं, "इंग्लिश कमी आहे, सुधारून या." अरे पण नेमकं काय सुधारू? ते कोण सांगत नाही, कागदावर पण लिहून देत नाहीत, पुढची तारीख तेवढी देतात. मला याचा अजून राग येतो.

आमच्या क्लासमध्ये 'सम', 'एनी', 'फ्यू', 'लिटल' एवढंच शिकवलेलं. 'अ लिटल' म्हणजे थोडं आहे, नुसतं 'लिटल' म्हणजे नसल्यासारखंच, हे बरोबरच आहे. पण राउंडमध्ये हेडफोन लावून ज्याचं ऐकायचं असतं, तो शेफ असं बोलतच नाही. तो म्हणतो, "इट्स अ टॅड स्वीट, अ स्प्लॅश ऑफ व्हिनेगर, अ नॉब ऑफ बटर," आणि लगेच प्रश्न, काय आणि किती घालणार? आयुष्यभर स्वयंपाक केलेला माणूस पण तिथं गप्प होतो.

शेवटी जहाजावर राहून आलेल्या चुलतभावानं उलगडून सांगितलं. 'पिंच' कोरड्या वस्तूला, मीठ, हिंग. 'स्प्लॅश' पातळ वस्तूला, एकदा ओतलं की झालं. 'डॅश' त्याहून कमी, सॉसचे चार थेंब. 'नॉब' लोण्याचा छोटा गोळा, हा ब्रिटिश शेफ जास्त म्हणतात. 'डॉलप' दही, क्रीम असलं घट्ट, चमच्यानं टाकायचं. 'टॅड' म्हणजे किंचित, त्यानंतर 'ऑफ' लावायचं नाही, 'अ टॅड सॉल्टी' म्हणायचं, 'बिट' मात्र 'ऑफ' लावून आणि न लावता, दोन्ही चालतं. अमेरिकेत तर याचे चमचे पण मिळतात, डॅश म्हणजे टीस्पूनचा 1/8, पिंच 1/16, आणि त्याहून कमी ते स्मिजन, 1/32.

आणि सगळ्यात घातक म्हणजे 'क्वाइट अ बिट' आणि 'क्वाइट अ फ्यू'. ऐकायला थोडं वाटतं पण अर्थ बराच, पुष्कळ! "क्वाइट अ बिट ऑफ पेपर" म्हटलं की मिरी सढळ हातानं घालायची. आमच्यासोबतची कितीतरी पोरं नेमकी इथंच अडकलेली.

मी प्रॅक्टिस घरीच केली. आई म्हणायची "वाईच हिंग घाल", मी मोठ्यानं "अ पिंच ऑफ हिंग". कढीपत्त्याची काडी म्हणजे 'अ स्प्रिग', लिंबू पिळलं की 'अ स्क्वीझ', ताटात घट्ट दही पडलं की 'अ डॉलप'. वस्तू हातात असली की शब्द डोक्यात बसतो, पाठ करून नाही बसत.

त्यानंतरच्या राउंडला शेफनं समोरासमोर विचारलं, मी उलट विचारलं, "अ टॅड मोअर, शेफ, ऑर क्वाइट अ बिट मोअर?" त्यांनी मान हलवून लगेच टिक केलं. खूप बरं वाटलं, अभिमान पण वाटला. तेव्हा उलट विचारायला लाजू नका, किचनमध्ये ते चांगलंच समजतात.

हां, एक राहिलं, 'अ कपल ऑफ अनियन्स' म्हटलं की दोन कांदे घ्यायचे, पण बोलताना दोन-तीन पण चालतात, म्हणून तिथं "टू, शेफ?" एवढं विचारून घ्या.