आमची वाटचाल: दुरुस्तीच्या टेबलावरून तपासणीच्या कागदावर

आम्ही बंदुका विकत नाही, विकत घेत नाही, आणि अमुक बंदूक घ्या असं कुणाला सांगतही नाही. कुणाला वापरलेली शॉटगन घ्यायची किंवा विकायची असली की ती आमच्या टेबलावर येते. आम्ही ती खोलतो, मोजतो आणि जे दिसलं ते लिहून देतो. धंदा म्हणाल तर एवढाच. यावर भागतं का, असं लोक अजून विचारतात. भागतं; पण इथवर यायला बराच फेरा पडला.

सुरुवात मामांच्या दुरुस्तीच्या कामातून झाली. मामा जुन्या पठडीतले कारागीर. तुटलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, सैल बिजागरी बसवायची, कुंद्याची चीर सांधायची, हे त्यांचं रोजचं काम. मी टूलरूमच्या मोजमाप विभागातून आलेली, म्हणजे हातात मायक्रोमीटर नसेल तर मत द्यायचं नाही या शिस्तीतली. आमचं पटायला वेळ लागला. मामा दुनळीच्या नळ्या सुट्या करायचे, खालच्या हुकाला दोरी बांधून टांगायचे आणि लाकडी दांडीने हलकी टिचकी मारायचे. नाद खणखणीत निघाला, लांबला, की दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्यांचा डाख शाबूत. आवाज भसाडा आला किंवा मध्येच झणझणला, तर पट्टी कुठेतरी सुटलेली आहे आणि त्या फटीतून ओल शिरून नळी बाहेरच्या अंगाने, कुणाला न दिसता, गंजत असणार. मी म्हणायचे, हे कागदावर लिहायचं कसं? मामा म्हणायचे, ‘अगं, लिहायचं कशाला? ऐकू येतंय ना!’ ही परीक्षा आजही प्रत्येक दुनळीची होते. फक्त आता सुटलेली जागा नळीच्या तोंडापासून किती अंतरावर आहे, ते अहवालात येतं.

दुरुस्तीला येणाऱ्या कामात एक गोष्ट सारखी दिसायची. माणूस नुकतीच जुनी बंदूक घेऊन आलेला असायचा आणि काम सांगायचा बारीकसं: सेफ्टी जड चालते, नाहीतर एक इजेक्टर काडतूस नीट फेकत नाही. खोलल्यावर निघायचं भलतंच. तोवर पैसे देऊन झालेले असायचे. मग ओळखीतली माणसं व्यवहाराच्या आधीच बंदूक दाखवायला येऊ लागली, त्यांच्या ओळखीने आणखी कुणी येऊ लागलं, आणि दुरुस्तीपेक्षा बघून देण्याचं कामच वाढत गेलं.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी नळीत डोकावतो. ‘ताई, आतून आरसा आहे बघा!’ नेमकं हे वाक्य ऐकलं की मी गेज काढते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमधल्या, रसायनाने नळीत क्षार उरायचे, ते हवेतली ओल ओढून घ्यायचे आणि पोलादाला खड्डे पाडायचे. खड्डे दिसले तर बंदुकीला भाव येत नाही, म्हणून कुणीतरी नळी आतून घासून घेतो. खड्डे जातात आणि त्यांच्याबरोबर पोलादही जातं. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ठरावीक मापाने १८.५ मिलिमीटर, म्हणजे ०.७२९ इंच. बनवताना तो थोडा कमीजास्त असू शकतो, म्हणूनच जादा दाबाचा बार उडवून घेतलेल्या चाचणीच्या (प्रूफच्या) वेळी नेमका किती होता ते ब्रिटिश आणि युरोपीय बंदुकांच्या नळ्यांखाली ठोकलेलं असतं. मागच्या टोकापासून ९ इंचांवर आपण मोजायचं आणि शिक्क्याशी ताडून बघायचं. जुन्या ब्रिटिश शिक्क्यांच्या बंदुकीत हा फरक १० थाऊच्या वर गेला की ती चाचणीच्या हिशेबात बाद. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

पण व्यास ही अर्धीच गोष्ट. नळीची उरलेली भिंत किती, हे वेगळं मोजावं लागतं, आणि तेही गोल फिरवून, कारण घासणाऱ्याचं हत्यार एका अंगाला झुकलेलं असू शकतं. एक दुनळी चांगली लक्षात आहे. बाहेरून नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा रंग, कुंद्याला नुकताच तेलाचा हात, नळ्या लख्ख. डाव्या नळीचं माप शिक्क्याच्या आसपास. उजवीवर शिक्का ०.७२९ चा आणि गेज दाखवत होतं ०.७४३. भिंतीचं गेज आत सरकवलं तर एका बाजूला २७ थाऊ आणि तिच्या बरोबर समोर १६. धंद्यातली सर्वमान्य समजूत अशी की भिंत कुठेही २० थाऊच्या, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली जाऊ नये. हा कायदा नाही, पण जाणते लोक याच्या खाली उतरत नाहीत. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ते हेच. याउलट दोन-चार उथळ खड्डे असलेली, पण भिंत जाड राहिलेली नळी आम्ही कितीतरी वेळा ‘वापरायला हरकत नाही’ म्हणून परत दिली आहे, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पडलेला पाहिला आहे. त्याला आरसा हवा असतो.

खड्डा म्हणण्याआधी नळी घासून बघणं मात्र आलंच. शिसं आणि प्लास्टिकच्या वॅडचा (काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांमध्ये असलेल्या गुडदीचा) थर चिकटून बसला की तो हुबेहूब खड्ड्यांसारखा दिसतो. पोचा आणि फुगवटा यांतला फरकही उजेडात कळतो. नळी दिव्याकडे धरून फिरवली की पोच्याची सावली एकाच बाजूला पडते; फुगवट्याची सावली कड्यासारखी पूर्ण गोल दिसते. पोचा जाणकार कारागीर उचलून देतो. फुगवटा म्हणजे त्या जागी पूर्वी काहीतरी अडकलेलं असताना बार उडाला होता. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार वीस बोअरच्या काडतुसाचा. वीस बोअर बारापेक्षा बारीक, त्यामुळे ते बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. मागे बाराचं काडतूस बसतं, बंद करताना काही जाणवत नाही. वीसची काडतुसं पिवळ्या रंगाची बनवण्याची प्रथा आहे ती याचसाठी.

नळीच्या तोंडाशी एक बारीक खूण शोधायला मामांनी मला शिकवलं. मूळ लांबीच्या दुनळीत दोन्ही नळ्या तोंडाशी एकमेकींना टेकलेल्या असतात. मध्ये फट असेल आणि ती डाखाने भरलेली असेल, तर नळ्या कुणीतरी कापल्या आहेत, आणि कापल्या म्हणजे चोक, म्हणजे तोंडाशी नळी आवळलेली असते तो भागही, गेला. मग चोकचं गेज लावायचं ते फक्त खात्री करायला. फुल चोक साधारण ४० थाऊचं आवळणं, हाफ चोक २० चं. कापलेल्या नळीत शून्याच्या आसपास माप मिळतं.

शिक्के वाचायला मला मामांपेक्षा जास्त आवडतं. ही चाचणी घेणारं बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, आणि युरोपातल्या देशांना एका नियमात बांधणारी सीआयपी १९१४ ची. अमेरिकन बंदुकीवर असा सरकारमान्य तिऱ्हाइताचा शिक्का सक्तीचा नाही, बनवणाराच चाचणी घेतो. त्यामुळे तिथे मूळ व्यास ताडून बघायला काही मिळत नाही, सगळी भिस्त भिंतीच्या मापावर. शिक्क्यांवरून चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही कळते, आणि इथे भलेभले फसतात. काडतुसावर लिहिलेले ७० मिलिमीटर ही बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची लांबी. बार होण्याआधी तेच काडतूस अंदाजे ५८ चं असतं, म्हणून ते ६५ च्या जुन्या चेंबरमध्ये सहज बसतं. ‘बसतंय ना, मग चालतंय’ हे इथे लागू होत नाही. उलगडायला जागा न मिळाल्याने दाब वाढतो.

मधल्या काळात आम्ही जुन्या बंदुका घेऊन, दुरुस्त करून विकतही होतो. परवाना होता, मामांचा हात होता, आणि नफा दुरुस्तीपेक्षा बरा होता. अडचण अशी झाली की तपासणीला येणारा माणूस मनात हिशेब करायचा: हे लोक ही बंदूक वाईट म्हणतात ती आपली विकायची म्हणून तर नाही? आणि विकणारे म्हणायचे, तुम्ही आमच्या मालाला नावं ठेवता. एका मोठ्या विक्रेत्याने तर त्या उजव्या नळीची ‘१६ थाऊ’ ही एक ओळ तेवढी गाळा, वर्षभर काम देतो, असं सांगितलं. आम्ही गाळली नाही. त्याने काम दिलं नाही. त्यानंतर मामांशी बसून बोलले. मामा खरेदी-विक्री सोडायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, चार पैसे येतात ते का सोडायचे? शेवटी एका तोट्याच्या हंगामानंतर तेच म्हणाले, ‘दोन डगरींवर हात नको.’ हाताशी असलेला माल विकून टाकला आणि दुकानाचा तेवढा भाग बंद केला. माझ्या मते या धंद्यातला आमचा खरा निर्णय तोच. अहवालाला किंमत आली ती त्यानंतर.

बिजागरीची तपासणी अजून मामांकडेच आहे. नळ्या बॉडीच्या मागच्या भिंतीला घट्ट टेकल्या आहेत का, हे बघताना ते आधी फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचं पुढचं लाकूड, काढतात. त्याची स्प्रिंग नळ्यांना मागे रेटून धरते आणि झीज झाकते, त्यामुळे फोरएंड न काढता केलेल्या परीक्षेला अर्थ नाही. मग बंद केलेली बंदूक कानाजवळ धरून हलवायची आणि नळ्यांच्या मागची फट उजेडाकडे धरून बघायची. वरची कळ कुठे थांबते तेही बोलकं असतं. नव्या बंदुकीत ती सहसा मधल्या रेषेच्या थोडी उजवीकडे थांबते, झीज होईल तशी मध्यावर आणि पुढे डावीकडे जाते. त्यानंतर दिव्याची काजळी. नळ्यांच्या मागच्या तोंडाला पातळ काजळी धरून बंदूक बंद करायची, उघडायची, आणि बॉडीच्या भिंतीवर काळं कुठे उठलं ते बघायचं. पूर्ण गोल उठलं तर टेकण चांगलं. फक्त खालच्या कडेला उठलं, तर वर फट आहे. हुकावर पंचाचे ठोके दिसले तर मामा बंदूक खाली ठेवतात आणि आधी चहा मागवतात. ठोकून धातू फुगवला की नळ्या काही दिवस घट्ट वाटतात, तेवढ्यात विक्री उरकते.

दुनळ्या कमी होत गेल्या आणि टेबलावर पंप (फोरएंड हाताने पुढे-मागे ओढून भरायच्या) आणि सेमी-ऑटो (बारानंतर आपोआप भरणाऱ्या) वाढल्या, तेव्हा आम्हाला नव्याने शिकावं लागलं. पंपात काडतूस अडवणाऱ्या पट्ट्या, पुढे-मागे सरकणारे दांडे, एक्स्ट्रॅक्टरचं नख आणि नळीशी कुलूप लावणारा ठोकळा, एवढं नीट बघितलं की बरंचसं काम झालं. गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोत गॅसची भोकं, पिस्टनची कडी, आणि काहींत कुंद्याच्या आत लपलेली रिटर्न स्प्रिंग. ही स्प्रिंग मालकांना माहीतच नसते, म्हणून ती गंजून तिथेच बसलेली सापडते. जॉन ब्राउनिंगने १९०० साली पेटंट घेतलेल्या ऑटो-५ ची गोष्ट निराळी. तिच्यात बार होताच नळी आणि बोल्ट एकत्र मागे येतात, आणि धक्का किती अडवायचा ते मॅगझिनच्या नळीवरच्या घर्षणकड्या ठरवतात. हलक्या काडतुसांची मांडणी ठेवून जड काडतुसं झाडली की मार सरळ बॉडीवर आणि फोरएंडच्या लाकडावर बसतो. त्यामुळे ती आली की कड्या कशा लावल्या आहेत ते आम्ही खोलण्याआधी टिपून घेतो. चिरलेल्या लाकडाचं कारण बहुधा तिथेच सापडतं.

चापाची तपासणी थोडक्यात सांगते. डमी काडतुसं घालून सेफ्टी लावायची, चाप जोराने ओढायचा, सोडायचा, आणि मग चापाला हात न लावता सेफ्टी काढायची. घोडा पडला तर ती बंदूक अहवालात लाल शाईने येते, बाकी सगळं कितीही उत्तम असो. बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतल्या सिअरला, म्हणजे ताणलेला घोडा अडवून धरणाऱ्या भागाला, ती धरत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कॉक केलेल्या, म्हणजे घोडा ताणलेल्या, बंदुकीच्या कुंद्याला रबरी हातोडीचा ठोका देऊन घोडा पडतो का, हेही बघतो. फायरिंग पिनची टोकं गोल आणि गुळगुळीत हवीत, आणि पिनच्या भोकाभोवती पोलाद खाल्लेलं दिसलं तर टोपीतून वायू मागे फुटत होता असं समजायचं.

कुंद्यात चीर शोधायची ती धातू आणि लाकूड जिथे भेटतात तिथे. वर्षानुवर्षं उभी ठेवलेली बंदूक आपलं तेल खालच्या लाकडाला पाजत राहते. ते लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, आणि मग धक्क्याने फाटतं. आणि स्क्रूच्या खाचा. त्या कुरतडलेल्या दिसल्या की आधी कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत शिरून आलेला आहे, हे मी खोलण्याआधीच लिहून ठेवते.

अहवालाचा नमुना आम्ही बऱ्याचदा बदलला. सुरुवातीला ‘चांगली’, ‘मध्यम’ असे शेरे असायचे. वाचणारा त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढायचा. आता प्रत्येक नळीची मापं, शिक्क्याची मापं, बदललेले भाग, जुळणारे आणि न जुळणारे नंबर, आणि शेवटी एकच वाक्य: झाडायला योग्य, दुरुस्तीनंतर योग्य, किंवा झाडू नये. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्यांचा कागद वेगळा असतो. किंमत आम्ही लिहीत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही.

तपासणीला बंदूक आणताना परवाना आणि मूळ कागद बरोबर हवेत; नंबर जुळल्याशिवाय आम्ही खोलत नाही. चोकच्या सगळ्या सुट्या ट्यूब आणा, फक्त बसवलेली एक नको. आणि कृपा करून आणण्याआधी ती पुसून, घासून, चकाचक करू नका. जशी आहे तशीच हवी.